फिलिनाचा नाही म्हणणारा बोकड

फिलिनाच्या तोंडी लागू नये, हे आमच्या इकारिया गावात शेंबडी पोरंसुद्धा जाणून होती. बाई हाडापेराने चिमुकली, पण जीभ वीतभर. विहिरीवर ती येताना दिसली की बाया भराभर घडे भरून वाटेला लागायच्या. म्हणजे वाईट नव्हती हो! कुणाचं मूल तापलं तर पहिली धावत जाणार ती फिलिनाच. पण जाऊन आधी "मी सांगितलं होतं, थंडीत ओल्या डोक्याने फिरवू नको म्हणून! पण म्हातारीचं ऐकतंय कोण?" हे सुनावणार आणि मगच औषधाचा पाला पुढे करणार. उपकार आणि टोमणा तिच्या हातून जोडीनेच निघायचे.

कुणी काही मागायला आलं आणि तिला द्यायचं नसलं, तर ती मान मागे झटकून, भुवया वर चढवून जिभेने "च्च" करायची. आमच्यात एवढं केलं की 'नाही' झालं, वर बोलायची गरज नसते. फिलिना मात्र वर बोलायचीही.

तिचं सगळं बस्तान म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एक बुटकं घर, दारात अंजिराचं झाड, थोड्या शेळ्या आणि एक बोकड. बोकडाचं नाव सिमोस, म्हणजे नकटा. होताही तसाच, नाक असं बसकं की जन्मताना कुणी अंगठ्याने दाबलं असावं. पण अंगात काय रग होती मेल्याच्या! गावातल्या झाडून सगळ्या शेळ्या त्याच्याकडे यायच्या, आणि त्याबदल्यात फिलिनाला कुणी जवाचं पीठ द्यायचं, कुणी कांद्यांची माळ, कुणी सरपण. गावातल्या करडांची नाकं बघितली की बाप कोण हे विचारावं लागत नसे. सिमोस गेला तर फिलिनाची चूल गेली, इतका सरळ मामला होता. आणि चुलीचं सोडा, नवरा गेल्यापासून ती दिवसभर बोलणार कुणाशी? सिमोसशीच. तो रवंथ करत सगळं ऐकून घ्यायचा आणि उलट उत्तर द्यायचा नाही. असं सुख तिला नवऱ्यानेही दिलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव स्मिक्रस. तोही तिच्यासारखाच आखूड आणि हलका. कामाला बेताचा, दारूत पाणी बेताचं घालणारा, पण वर्षातून एक दिवस तो गावचा राजा असायचा. हिवाळ्यात दारूच्या देवाचा, डायोनिससचा सण येतो, तेव्हा वेल खाणारा एखादा बोकड देवाला द्यायचा, त्याच्या कातड्याची पखाल शिवायची, फुगवून तिला वरून तेल चोपडायचं आणि गड्यांनी तिच्यावर एका पायाने उड्या मारायच्या. जो सगळ्यांत जास्त वेळ टिकेल त्याला तीच पखाल दारूने भरून घरी न्यायला मिळते. बाकीचे सगळे चिखलात. स्मिक्रस पखालीवर चढला की असा उडायचा, जणू तिचं न् त्याचं आधीच काही ठरलंय.

आणि दर वर्षी दुसरा यायचा तो थ्रासोन. थ्रासोन आणि स्मिक्रस बालपणापासूनचे एका ताटातले. पण थ्रासोन होता रांजणासारखा गोल. गावात सगळ्यांत मोठा द्राक्षमळा त्याचा, सगळ्यांत मोठं पोट त्याचं, आणि सगळ्यांत मोठं दुःखही हेच की पखाल काही त्याच्या घरी कधी गेली नाही. एकदा चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पाटीलकी त्याच्या नावावर निघाली. पाटीलकी असते वर्षाची, पण याला 'पाटील' हे नाव जन्माचं चिकटलं. त्यालाही ते आवडायचं.

फिलिनाचं लग्न झालं त्या वर्षी जिंकलेली पखाल स्मिक्रसने रिकामी झाल्यावरही टाकली नाही. चुलीवरच्या खुंटीला टांगून ठेवली. फिलिना दर हिवाळ्यात तिला तेल लावून मऊ ठेवायची आणि लावताना म्हणायची, "दुसऱ्या बाया नवऱ्याच्या पाठीला तेल लावतात. माझ्या नशिबी बोकडाची पाठ."

मग एका जैतुणाच्या हंगामात स्मिक्रस झाड झोडपायला वर चढला आणि पडला तो उठलाच नाही. तेल चोपडलेल्या पखालीवरून जो कधी घसरला नाही, तो तेलाच्याच झाडावरून घसरला. गाव हळहळलं. त्या वर्षीच्या सणात थ्रासोन खेळलाच नाही. पाय मुरगळलाय म्हणाला. "आता स्मिक्रस नाही, आता तरी जिंकायची संधी होती, तर याचा पाय!" म्हणून लोक हसले. पाय मुरगळलेला माणूस दुसऱ्या दिवशी मळ्यात तुरुतुरु चालताना फिलिनाने पाहिला होता, पण तेव्हा तिला कशातच रस नव्हता.

पुढचा वसंत आला आणि वेलींना डोळे फुटायच्या सुमाराला सिमोसने दावं तोडलं.

गेला कुठे? तर नेमका देवळाच्या भिंतीकडेला, थ्रासोनच्या त्या वेलीकडे. आमच्या गावात ती वेल म्हणजे मोठी मानाची. डायोनिसस पहिल्यांदा माणसांत उतरला तो आमच्याच इकारियसच्या घरी, आणि पाहुणचारावर खूश होऊन त्याने इकारियसला वेल दिली. त्या वेलीच्या वंशातली ही, असं थ्रासोनचा आजा सांगायचा, बाप सांगायचा आणि थ्रासोन तर दिवसातून दोनदा सांगायचा. सिमोसने तिचा असा फडशा पाडला की जमिनीतून नुसतं लाकडाचं बोटूक वर राहिलं. आणि खाऊन पळून तरी जावं? तिथेच पाय दुमडून डुलकी घेत बसला.

थ्रासोन त्याला शिंगाला धरून फिलिनाच्या दारात घेऊन आला. मागे अर्धं गाव.

"वहिनी, हा तुमचा बोकड."

"कशावरून?" फिलिना म्हणाली.

"नाक बघा की त्याचं!"

"गावातली निम्मी जनावरं नकटी आहेत. तुमची लाल शेळी नाही का?"

"अहो, दाढीत माझ्या वेलीचा ताणा लटकतोय!"

"वाऱ्याने येऊन अडकला असेल. वारा कुणाच्या दाढीत काय अडकवेल, त्याला बोकड काय करणार?"

लोक खदखदले, पण ताणा तो ताणाच. चिनारखाली बैठक बसली. पूर्वी इकारियसच्या वेलीला पहिला बोकड लागला होता, तेव्हा त्याने तो देवाला दिला आणि त्याच्या कातड्याभोवती गाव नाचवलं, तेव्हापासूनची रीत. देवाची वेल खाल्ली, देवाला द्या. बोकड हिवाळ्याच्या सणाला जाणार, असं ठरलं.

"आणि त्या पखालीवर यंदा मीच जिंकणार," थ्रासोन मांडीवर थाप मारून म्हणाला. "आता अडवायला आहे कोण?"

हे ऐकून फिलिनाचं काळीज चरकलं. नवरा गेला, आता बोकडही जाणार, आणि त्याच्या कातड्यावर हा ढोल नाचणार! तिने मान मागे झटकली. "च्च. बघू," म्हणाली, आणि सिमोसला घेऊन घरात गेली.

आता आमच्याकडे बोकड देवाला द्यायचा म्हणजे उगाच धरला आणि सुरी चालवली, असं होत नाही. इकारियसने गावाला पहिली दारू पाजली, तेव्हा गड्यांनी ती पाणी न घालता ढोसली, डोकी गरगरली, आणि याने विष घातलं म्हणून बिचाऱ्याला तिथेच ठार केलं. सकाळी उतरल्यावर बसले रडत. तेव्हापासून आमचं गाव कुणालाही मारण्याआधी विचारून घेतं. बोकडाच्या कपाळावर जवाचे दाणे टाकायचे, पाणी शिंपडायचं. त्याने मान खाली घातली की तो 'हो' म्हणाला. देवाचा कौल मिळाला. आणि पाणी पडलं की जनावर मान खाली घालतंच, तेव्हा आजवर कुठल्या बोकडाने नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

उन्हाळ्यात अंजीर पिकले. फिलिना एकदा झाडाखाली अंजीर धुऊन खात बसली होती. सिमोस तोंड पुढे करून आला. तिने हातातलं फळ उंच धरलं. "तुला कशाला रे? वेल पचली नाही का अजून?" ओल्या हाताचे थेंब सिमोसच्या कपाळावर पडले, आणि वरच्या अंजिरासाठी सिमोसने मान झटकन वर केली. शिंगं पाठीला टेकली. वरचा ओठ मुरडला. हुबेहूब फिलिना!

ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं बाई."

त्या दिवसापासून शाळा सुरू झाली. रोज धार काढून झाली की फिलिना सिमोसला मागच्या अंगणात न्यायची, कपाळावर चिमूटभर जव टाकायची, ओंजळभर पाणी शिंपडायची आणि अंजीर उंच धरायची. मान वर केली की अंजीर. खाली घातली की काही नाही, वर शिव्या. "गाढवा, मान खाली घातलीस तर गेलास! पाटलाच्या टाचेखाली जायचंय का? वर बघ, वर!" पुढे पुढे अंजीर आधी दाखवायचं तिने सोडलं, मान वर गेल्यावरच हातातून काढायची. सिमोस खादाड होता, पण मठ्ठ नव्हता. हंगाम सरेपर्यंत पाण्याचा थेंब पडला की मान वर, हे त्याच्या हाडात मुरलं.

जरा जास्तच मुरलं. पहिला पाऊस आला तेव्हा बाकीच्या शेळ्या आडोशाला पळाल्या, आणि सिमोस अंगणात मधोमध उभा राहून आभाळाला नाही, नाही, नाही म्हणत राहिला.

शेजारची क्रोबिली कुंपणावरून डोकावली. क्रोबिलीला दुसऱ्याच्या अंगणातलं सगळं दिसायचं, स्वतःच्या चुलीवरचं करपलेलं तेवढं दिसायचं नाही.

"काय गं फिलिना, तुझा बोकड कुणाला नाही म्हणतोय?"

"पावसाला. आवडत नाही त्याला."

"झ्यूसने पाडलेल्या पावसाला नाही म्हणायला हा काय झ्यूसचा जावई लागून गेला?"

"मग तू जा त्याला समजव. तुझं सगळे ऐकतात ना, तुझा नवरा सोडून."

क्रोबिली फणकारून आत गेली. फिलिनाने घाईघाईने सिमोसला गोठ्यात ओढलं आणि त्या हिवाळ्यात पाऊस आला की त्याच्या कपाळावर एक जुनी घोंगडी बांधायला लागली. लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागलं, बोकडाला सासुरवाशिणीसारखं नटवते. म्हणेनात!

सणाचा दिवस उजाडला. सकाळपासून बासऱ्या, डफ. पुढे दारूचा बुधला, मागे अंजिरांची टोपली, त्यामागे खांद्यावर घेतलेला तो उंच लाकडी प्रकार, ज्याच्याकडे बाया बघत नाही असं दाखवून नीट बघतात. देवळासमोर खांबाला देवाचा मुखवटा लावलेला, त्याला झगा नेसवलेला, डोक्यावर आयव्हीच्या वेलीचा मुकुट. त्या दिवशी कुणीही कुणाला काहीही बोलावं, देवाची तशी परवानगीच असते. एरवी फिलिना परवानगीवाचून बोलायची, म्हणून लोक म्हणायचे हिला बाकीचे दिवस सण आणि सणाला सुट्टी. त्या सकाळी मात्र ती खरंच गप्प होती. हात झग्यात लपवलेले, आणि मुठीत एक सुकं अंजीर. त्याचा उपयोग तिथे काही नव्हता. पण ते घट्ट धरलं की तिला धीर यायचा.

पुजारी लिकॉन वेदीशी उभा होता. फार म्हातारा माणूस. उभा जन्म बोकडांची कपाळं भिजवण्यात गेलेला. त्याने सिमोसच्या कपाळावर दाणे टाकले. थ्रासोनही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने आयव्हीच्या पानांची एक हिरवीगार पेंढी हळूच सिमोसच्या पायांपाशी सरकवली. मान खाली जाणारच!

सिमोसने पानं पाहिली. नाक फेंदारलं. मान खाली, अजून खाली. 'मेल्या, खादाडा, नको रे,' फिलिना मनात ओरडली.

लिकॉनने पाणी शिंपडलं.

मान वर! शिंगं पाठीला, ओठ मुरडलेला.

बासरीवाला थांबला.

"माशी बसली असेल," थ्रासोन म्हणाला. "बाबा, परत विचारा."

लिकॉनने परत पाणी शिंपडलं. मान परत वर. आणि या वेळी सिमोसने जीभ बाहेर काढून ओठ चाटले आणि आभाळात काहीतरी शोधल्यासारखं पाहिलं. लिकॉनने त्याच्याकडे पाहिलं. मग गर्दीत फिलिनाकडे पाहिलं. मग त्याला खोकल्याची मोठी उबळ आली.

"अहो, नाही म्हणतोय तो!" मागून कुणी ओरडलं.

"बोकड कधी नाही म्हणतो का?" थ्रासोन लाल झाला. त्याने पुजाऱ्याच्या हातातलं भांडं हिसकावलं आणि सगळंच्या सगळं पाणी सिमोसच्या डोक्यावर ओतलं. एवढ्या पाण्याला अंजीरही तेवढंच मोठं येणार, अशी सिमोसची खात्री असावी. त्याने मान अशा जोरात झटकली की शिंग थ्रासोनने सणासाठी डोक्यावर घातलेल्या पानांच्या मुकुटात अडकलं आणि मुकुट उडून क्रोबिलीच्या मांडीत पडला.

मग गावाला कोण आवरणार? "नाही म्हणाला! स्वच्छ नाही म्हणाला!" बाया टाळ्या पिटायला लागल्या. "असं 'नाही' तर माझा नवरासुद्धा म्हणत नाही," क्रोबिली म्हणाली. "हा तर अगदी फिलिनासारखा!"

फिलिनाने चेहरा गरीब गाईसारखा केला. "मी अडाणी बाई, मला काय कळतंय त्यातलं? देवाची इच्छा."

पण थ्रासोन हार मानेल तर तो थ्रासोन कसला! "आज देवाची मर्जी नसेल," तो म्हणाला. "उद्या सकाळी परत विचारू. उद्या नाही म्हणाला तर परवा. देव कधीतरी हो म्हणेलच की."

आणि गर्दीलाही ते पटायला लागलं. बोकड नाही म्हणजे कातडं नाही, कातडं नाही म्हणजे पखाल नाही, पखाल नाही म्हणजे खेळ नाही. मग सण कसला? "दुसरा बोकड द्या कुणीतरी," एकजण म्हणाला, पण आता गावातली सगळी जनावरं एकाएकी सोवळी झाली. कुणाच्याच बोकडाने जन्मात वेलीला तोंड लावलं नव्हतं. एकाचा तर वेल दिसली की वाट बदलायचा म्हणे.

लिकॉनने काठी आपटली. "वेलीच्या बदल्यात देवाला पखाल हवी. बोकडाने नाही म्हटलंय. दुसरं कातडं कुणी आणून दिलं, तर देवाचं देणं फिटलं आणि बोकड कायमचा सुटला. नाहीतर पाटील म्हणतात तसं, उद्या परत विचारू." आणि तो फिलिनाकडे न बघता तिच्याकडेच बघत होता.

उद्या परत? आणि परवा? अंजीर न मिळता हा नकटा किती वेळ नाही म्हणत राहणार? फिलिनाला उत्तर ठाऊक होतं. ती काही न बोलता घराकडे चालू लागली. ती न बोलता निघालेली पाहून लोक जास्त घाबरले.

चुलीवरच्या खुंटीवरून तिने पखाल उतरवली. हाताला मऊ लागली. "ऐकलंस का," ती स्मिक्रसला म्हणाली, "आता मला दोन्ही ठेवता येत नाहीत. रागावू नको." डोळे भरून आले तसे तिने ते हाताच्या पालथ्या बाजूने पुसले. मग पखाल फुगवली, कातड्याच्या पायाचं टोक दोऱ्याने बांधलं आणि बांधता बांधता तिच्या मनात एक गोष्ट आली. द्यायची ती द्यायची, पण त्या ढोलाने हिच्यावर जिंकायचं? तिने गाठ सोडली आणि नव्याने बांधली. हलक्या माणसाला पुरेल अशी. जड माणसाला पुरणार नाही अशी.

ती पखाल घेऊन मैदानात आली तेव्हा म्हाताऱ्या गड्यांनी ती लगेच ओळखली. "अरे, ही तर स्मिक्रसची!" थ्रासोननेही पाहिली. मग तो सँडल काढायला खाली वाकला.

खेळ सुरू झाला. तेल चोपडलेल्या पखालीवर एकामागून एक गडी चढले आणि चिखलात गेले. कुंभाराचा मुलगा जरा टिकला, पण त्याने पोरींकडे पाहिलं आणि तोही गेला. शेवटी थ्रासोन. त्याने दोन्ही हात पसरले, एक पाय उचलला आणि चढला. एक उडी. दुसरी. फिलिना मनात म्हणाली, 'आता.'

आणि गाठ सुटली.

काय तो आवाज! असा लांबलचक, असा बेशरम, की देवाच्या मुखवट्यालाही हसू आवरलं नसावं. गाव पोट धरून लोळायला लागलं. पखाल हळूहळू बसत चालली आणि तिच्यावर एका पायावर उभा थ्रासोनही हळूहळू खाली येत चालला. शेवटी आवाज थांबला. पखाल भाकरीसारखी चपटी झाली होती, आणि तिच्यावर थ्रासोन एका पायावर बगळ्यासारखा, हात पसरून, लालबुंद होऊन उभाच होता. फुगलेल्या पखालीवरून माणूस घसरतो. चपट्या पखालीवरून घसरायचं कसं? फिलिनाने सगळा विचार केला होता, एवढाच तेवढा राहून गेला.

"पडला नाही," लिकॉन म्हणाला.

"काय?" फिलिना किंचाळली.

"पडला नाही. अजून पखालीवरच आहे. आणि सगळ्यांत जास्त वेळ आहे. थ्रासोन जिंकला."

थ्रासोनने आधी खाली पाहिलं. मग दुसरा पाय टेकला. मग मान वर करून आभाळाकडे बघत बोंब ठोकली, "स्मिक्र्या! मेल्या, बघितलंस का? शेवटी जिंकलो की रे!" आणि हसायला लागला. हसता हसता खाली बसला, त्या चपट्या पखालीवरच, आणि तिच्यावर हात फिरवत राहिला. बराच वेळ. मग लोकांच्या लक्षात आलं की पाटील आता हसत नाहीये.

स्मिक्रस गेला त्या वर्षीच्या सणाला पाय मुरगळलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुरुतुरु कसा चालत होता, ते फिलिनाला आत्ता कळलं. भरलेली पखाल खांद्यावर टाकून थ्रासोन गेला, तेव्हा सणाची परवानगी असूनही ती त्याला एक शब्द बोलली नाही. सिमोसचं दावं धरून घरी आली आणि रिकाम्या खुंटीकडे पाठ करून बसली.

पुढच्या उन्हाळ्यात गावभर एकच चर्चा. थ्रासोनच्या त्या मेलेल्या बोटकातून असे धुमारे फुटले आणि असे घड लागले, की वेलीला खाली टेकू द्यावे लागले. एवढी द्राक्षं त्या वेलीला त्याच्या आजाच्या काळातही आली नव्हती. कापणी झाली, रस रांजणांत मुरला, आणि थंडी पडू लागली तसा एका सकाळी थ्रासोन फिलिनाच्या दारात उभा. खांद्यावर भरलेली पखाल.

"वहिनी, एक काम होतं."

"बोला, पाटील."

"तुमचा बोकड जरा वसंतात माझ्या मळ्यात सोडाल का? सगळ्या वेलींवर."

फिलिनाने त्याच्याकडे बघून घेतलं. चांगलं निरखून निरखून घेतलं. "अहो भावजी, मी कोण सोडणारी? त्यालाच विचारते." तिने माठातलं पाणी घेऊन सिमोसच्या कपाळावर शिंपडलं. सिमोसने मान झटकली. "बघा बाई. नाही म्हणतोय."

"असं नका करू हो." थ्रासोनने पखाल खांद्यावरून उतरवून तिच्यापुढे ठेवली. "त्याच वेलीची आहे दारू. आणि पखालही ठेवून घ्या. माझ्या घरी तिला कुणी तेल लावत नाही. शिवाय ती दिसली की मला जेवण जात नाही."

फिलिना पखालीकडे बघत राहिली. गाठ या वेळी थ्रासोनने बांधलेली, दुहेरी. तिने ती बोटाने चाचपली. मग उठली, आतून एक सुकं अंजीर आणून त्याच्या हातात ठेवलं.

"हे खाली धरा. त्याच्या गुडघ्यापाशी. हां, असं." आणि तिने पाणी शिंपडलं.

कपाळावर पाणी पडताच सिमोसची मान सवयीने वर निघाली, पण अंजिराचा वास खालून येतोय म्हटल्यावर मध्येच थांबली आणि मुकाट खाली आली. थ्रासोनच्या हातातून त्याने अंजीर उचललं.

थ्रासोन बोकडाकडे बघत राहिला. मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे. मग दारातल्या अंजिराच्या झाडाकडे. चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडताना दिसत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी... खरं सांगा. नाही कोण म्हणालं होतं? देव, की तुम्ही?"

"देवालाच विचारा की, भावजी," फिलिना म्हणाली. "फक्त पाणी शिंपडून नको."

आणि पखाल उचलून ती आत गेली. खुंटीवर टांगण्याआधी मात्र दोन वाट्या भरून घेतल्या, बेताचं पाणी घातलं, स्मिक्रस घालायचा तेवढंच, आणि एक बाहेर थ्रासोनला नेऊन दिली.